बांधकाम व्यवस्थापनाचे शिक्षण कोणासाठी?

(बिलोली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मांजरा नदीची तांबडी वाळू ही आज बिलोली तालुक्याची सर्वांत मोठी ओळख होऊन बसली आहे. येसगी, सगरोळी या भागातील पात्रातून ती निघते, नांदेडला जाते, हैदराबादच्या वाटेला लागते, आणि तिच्यावर दूरच्या शहरांतील इमारतींचे मजले चढतात. वाळूच्या मागोमाग या भागातला माणूसही जातो. मुखेड, देगलूर, कंधार या शेजारच्या तालुक्यांतूनही तो जातो. सुगी आटोपली की कोणी ऊसतोडीची उचल घेतो, कोणी हैदराबादच्या अथवा पुण्याच्या मजूर नाक्यावर बिगारी म्हणून सकाळी उभा राहतो. वाळूचा लिलाव होतो, तिचे ब्रास मोजले जातात, तिच्या चोरीच्या बातम्यांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. माणसाची मोजदाद मात्र मुकादमाच्या वहीत होते, आणि ती वही सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

अशा तालुक्यातील एखादा मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर स्थापत्य अभियांत्रिकीकडे वळते आणि पुढे विद्यापीठात बांधकाम अभियांत्रिकी व व्यवस्थापन हा विषय घ्यावा असे मनात आणते, तेव्हा घरात आनंद होतो. तो योग्यच आहे. या विषयाला नोकरी आहे, पगार आहे, आणि ज्या घराने तीन पिढ्या घमेले उचलले त्या घरातील लेकराने नकाशा हातात घ्यावा यात समाधानही आहे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हे शास्त्र नेमके काय शिकवते, ते कोणाच्या गरजेतून घडले, आणि कष्टकऱ्याच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याने ते कोणत्या बाजूने वाचावे, याचा विचार पक्षाच्या कार्यकर्त्यांनी फारसा केलेला नाही. गुत्तेदारावर भाषणे पुष्कळ झाली. गुत्तेदाराच्या साइटवर बसणारा अभियंता कसा घडतो याकडे मात्र दुर्लक्ष झाले.

प्रथम विषयाची ओळख करून घेणे बरे. पूल कोणत्या भाराखाली वाकेल, तुळईत लोखंड किती घालावे, याचे गणित स्थापत्य अभियंता मांडतो. तोच पूल कोणत्या क्रमाने, किती दिवसांत, किती पैशांत, कोणत्या यंत्रांनी व किती माणसांनी उभा करावयाचा, हा बांधकाम व्यवस्थापनाचा प्रांत. अंदाजपत्रक, निविदा, करार, साहित्याची आवक, गुणवत्तेची तपासणी, सुरक्षितता, वेळापत्रक, ही त्याची प्रकरणे. स्थापत्याच्या पदवीत हा विषय एक-दोन पेपरांपुरता येतो. स्वतंत्र विषय म्हणून तो पदव्युत्तर पातळीवर शिकावयाचा, आणि त्यासाठी पुणे-मुंबईचा रस्ता धरावयाचा, अशीच रीत पडली आहे. पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग १८५४ मध्ये सुरू झाला. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ ची. मराठवाड्यात औरंगाबादचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये निघाले, आणि नांदेडजवळ विष्णुपुरीला श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ मध्ये. म्हणजे पुण्यानंतर नांदेडला १२७ वर्षे वाट पाहावी लागली. या काळातील जवळजवळ शंभर वर्षे हा मुलूख निजामाच्या राज्यात होता हे खरे. परंतु पुढची तेहतीस वर्षे निजामाच्या माथी मारता येत नाहीत.

विशेष लक्षात घेण्याजोगे साल १९८३ आहे. त्या वर्षी बांधकाम उद्योगाने पुढाकार घेऊन व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी 'निकमार' ही संस्था काढली. तिचे पुढे पुण्यात विद्यापीठ झाले. उद्योगाने आपल्याला हवी तशी माणसे तयार करण्यासाठी संस्था काढावी यात वावगे काही नाही. मात्र या विषयाची गरज प्रथम कोणाला वाटली हे त्यावरून स्पष्ट होते. कामगारांच्या संघटनांनी अशी संस्था काढली नाही, शासनाच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानेही काढली नाही. साहजिकच वेळ वाचवणे आणि खर्च आटोक्यात ठेवणे हे या शास्त्राचे दोन डोळे झाले. मजूर हा त्यात सिमेंट आणि सळई यांच्या रांगेत 'साधनसामग्री' म्हणून बसला.

वस्तुतः या शास्त्राची सुरुवात मजुराच्याच हातांतून झाली आहे. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ नावाचा तरुण १८८५ मध्ये गवंड्याच्या हाताखाली उमेदवारीला लागला. प्रत्येक गवंडी वीट वेगळ्या तऱ्हेने उचलतो, आणि शिकवताना एक तऱ्हा सांगून काम करताना दुसरीच वापरतो, हे त्याच्या ध्यानी आले. त्याने एका विटेमागे होणाऱ्या हालचाली मोजल्या; त्या अठरा भरल्या. विटा कमरेच्या उंचीवर येतील असा पाळणा केला, चुन्याचा लगदा ठरावीक घट्टपणाचा ठेवला, आणि अठराच्या पाच केल्या. फ्रेडरिक टेलरने १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनावर पुस्तक लिहिले तेव्हा हे उदाहरण त्याने मोठ्या अभिमानाने दिले: तासाला १२० विटा लावणारा गवंडी आता ३५० लावू लागला. पाठीला वाकण्याचा त्रास कमी झाला, हे गवंड्याच्या हिताचेच होते. परंतु विटा जवळजवळ तिप्पट झाल्या, तशी मजुरी तिप्पट झाली नाही. गवंड्याच्या हातातील ज्ञान कागदावर उतरले, आणि कागद व्यवस्थापकाच्या टेबलावर गेला. तेव्हापासून बांधकाम कसे चालते हे ठरवणारा एक आणि बांधणारा दुसरा, अशी जी फाळणी झाली ती विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आजही कायम आहे.

मराठवाड्याला या फाळणीचा अनुभव पुस्तकातून घेण्याची गरज पडली नाही. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडावयास, रस्ते व पाझर तलाव खोदावयास कामावर आली. त्यातून रोजगार हमीची योजना आकाराला आली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. हमी कामाची होती, मजुरी मात्र कामाच्या मोजमापावर. खोदलेली जमीन साधी माती होती, मुरूम होता की कठीण मुरूम, ती माती किती अंतरावर नेऊन टाकली, किती उंचीवर चढवली, यांवर दर ठरत असे. दिवसभर टिकाव मारणाऱ्या बाईच्या हाताला कठीण मुरूम लागला आणि मोजमाप पुस्तकात नुसता 'मुरूम' लिहिला गेला, तर तिची मजुरी त्या एका शब्दाने कापली जात होती. हजेरीपट तिला समजत होता. मोजमाप पुस्तक समजत नव्हते. ज्या थोड्या कार्यकर्त्यांनी त्या काळात टेप हातात घेऊन खड्डा मोजावयास शिकून घेतले, घनमीटराचा हिशेब मजुरांना तोंडी समजावला, त्यांनी बांधकाम व्यवस्थापनाचा पहिला पाठ मजुराच्या बाजूने दिला असे म्हटले पाहिजे. मोर्च्यांपेक्षा त्या टेपचा धाक कनिष्ठ अभियंत्यांना अधिक होता.

वेळापत्रकाचे शास्त्र यानंतरचे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँट या रासायनिक कंपनीत क्रिटिकल पाथची पद्धत निघाली. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट नावाची तशीच एक रीत बसवली. कल्पना सोपी आहे. कामाचे तुकडे पाडावयाचे, कोणता तुकडा कोणत्यावर अवलंबून आहे ते बाणांनी जोडावयाचे, आणि त्या जाळ्यातील सर्वांत लांब वाट शोधावयाची. त्या वाटेवरील एका कामाला एक दिवस उशीर झाला की सगळ्या प्रकल्पाला एक दिवस उशीर होतो. पाया भरल्यावाचून जोते नाही आणि जोत्यावाचून भिंत नाही हे प्रत्येक गवंड्याला ठाऊक असते. शंभर-दोनशे कामे एकमेकांत गुंतली म्हणजे मात्र कागदावाचून चालत नाही. ही पद्धत उपयुक्त आहे आणि कार्यकर्त्यांनीही ती शिकावी. पक्षाच्या अधिवेशनाचा मंडप आदल्या रात्री उभा राहतो, तो यामुळे कदाचित दुपारी उभा राहील.

पण बाणांचे जाळे काढणारा माणूस कोणती कामे जाळ्यात घेतो आणि कोणती बाहेर ठेवतो, यावर सारे अवलंबून असते. पानशेतचे उदाहरण जुने झाले तरी विसरण्याजोगे नाही. धरण १९६२ मध्ये पुरे व्हावयाचे होते. ते एक वर्ष आधी, १९६१ च्याच पावसाळ्यात पाणी अडवण्याजोगे करावयाचे ठरले. पाणी बाहेर सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे असताना पाणी चढले, आणि १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटून पुणे बुडाले. तारीख अलीकडे ओढता येते. अपुरे राहिलेले काम तिच्यामागून ओढले जात नाही.

याहून जवळचे उदाहरण मुखेड तालुक्यातील लेंडी प्रकल्पाचे. गोणेगावजवळचे हे आंतरराज्य धरण १९८० च्या दशकात मंजूर झाले. भिंत, सांडवा, कालवे यांची अंदाजपत्रके झाली, पुन्हा झाली, फुगत गेली. गावे उठवावयाची त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न सुटला नाही, आणि त्यावरून काम वर्षानुवर्षे बंद पडले. जवळजवळ चाळीस वर्षे गेली. सरकारी कागदात या विलंबाचे खापर 'स्थानिकांच्या विरोधा'वर फुटते. क्रिटिकल पाथचे शास्त्र प्रामाणिकपणे लावले तर उत्तर निराळे येते: या प्रकल्पाची सर्वांत लांब वाट मातीकामातून जात नव्हती, ती गावठाण, पाणी, रस्ता, शाळा आणि मोबदला यांतून जात होती. ते काम जाळ्याच्या आरंभी असावयास हवे होते. ते जाळ्याबाहेर ठेवले, म्हणून जाळेच खोटे ठरले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अतिवृष्टी झाली तेव्हा त्याच परिसरातील रावणगाव, हसनाळ या गावांत रात्री पाणी शिरले, माणसे दगावली, गोठ्यांतील जनावरे दाव्याला बांधलेली मेली. बिलोलीच्या विद्यार्थ्याला परीक्षेत क्रिटिकल पाथवर प्रश्न येईल तेव्हा त्याने ड्यू पाँटचे नाव लिहावे, गुण मिळवावेत. पण लेंडीचे जाळे त्याने एकदा स्वतःच्या वहीत काढून पाहावे.

याच्या उलट बाजूचा, आशेचा म्हणावा असा अनुभवही मराठवाड्यातच सापडतो, आणि तो लातूरकडचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. सुमारे दहा हजार माणसे गेली, आणि त्यांतील बहुतेक आपल्याच घरांच्या भिंतींखाली गेली. ती घरे दगडमातीची, दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतींची, वर मातीचे जड माळवद. भिंत बाहेरून भक्कम दिसे. तिच्या आतली आणि बाहेरची अशा दोन फळ्या वेगवेगळ्या रचलेल्या, मधे गोटे आणि माती भरलेली. दोन्ही फळ्यांना आरपार बांधणारा लांब दगड घालावयाचा, ही जुन्या कारागिरांची रीत खर्चापायी व घाईपायी सुटली होती. जमीन हलली तशा दोन फळ्या दोन बाजूंना फाकल्या आणि माळवद खाली आले.

पुनर्वसनाचा जो कार्यक्रम जागतिक बँकेच्या कर्जातून झाला त्यात दोन तऱ्हेची बांधकामे एकाच वेळी चालली. सर्वाधिक हानी झालेली बावन्न गावे नव्या जागी बसवली. तेथील बहुतेक काम गुत्तेदारांकडून आणि संस्थांकडून झाले. रांगेत घरे, सरळ रेषेत रस्ते, शहरातील वसाहतीसारखा आराखडा. शेजार तुटले, गोठ्याला जागा उरली नाही, शेत दूर गेले, अशा तक्रारी लोक वर्षानुवर्षे सांगत राहिले. दुसरे काम दुरुस्तीचे होते. सुमारे दोन लाख घरे होती त्या जागीच मजबूत करावयाची होती. इतक्या घरांना एकेक गुत्तेदार मिळणे अशक्य, म्हणून पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती दिले. गवंड्यांना प्रशिक्षण दिले. कोपऱ्यांना आणि छताच्या खालच्या पातळीला पट्टा कसा बांधावा, भिंतीत भोक पाडून आरपार दगड अथवा काँक्रीटचा सांधा कसा घालावा, माळवदावरची माती किती उतरवावी, हे गावोगाव दाखवले. गावातील स्त्रियांना 'संवाद सहायक' नेमले. पैसा कोणत्या टप्प्यावर मिळतो, सिमेंट किती लागते, अभियंत्याने काय तपासावयाचे, हे त्या घरोघर सांगू लागल्या.

या दुसऱ्या कामात दोष नव्हते असे नाही. कित्येकांनी जुने घर मजबूत करण्याऐवजी मिळालेल्या पैशांत विटांची एक नवी खोली बांधली आणि धोक्याची भिंत तशीच उभी ठेवली. अभियंत्यांना ते हट्टीपण वाटले. दगडाच्या भिंतीचे भय ज्याने त्या पहाटे अनुभवले, त्याने दगडाकडे पाठ फिरवली तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही. एवढे मात्र खरे की या कार्यक्रमात अंदाजपत्रक, हप्ते, साहित्य, तपासणी ही बांधकाम व्यवस्थापनाची सारी प्रकरणे सामान्य घरमालकाच्या, गवंड्याच्या आणि गावच्या बायांच्या हातांत आली. व्यवस्थापनाचे ज्ञान खाली उतरवले तर लोक ते पेलतात, हे लाखो घरांच्या प्रमाणावर सिद्ध झाले. मराठवाड्यातील विद्यापीठांत हा विषय शिकवताना किल्लारी हे मुख्य प्रकरण असावयास हवे. बाहेरून अभ्यासक येऊन त्यावर प्रबंध लिहून गेले. औशाच्या किंवा बिलोलीच्या विद्यार्थ्याने तेथील गवंड्यांसमोर वही घेऊन बसावे, हे अजून व्हावयाचे आहे.

गवंड्यासमोर बसावयाचे तर भाषा हवी. ओळंबा, गुण्या, पाणसळ, सांधमोड, जोते, दर्जा ही सारी परिभाषा मराठीत तयार आहे आणि साइटवर रोज वापरात आहे. विद्यार्थी मात्र ती विसरून परततो. हिंदुस्थानी भाषेत अभियांत्रिकी शिकवता येत नाही असे जे सांगितले जाते ते या मुलखाने फार पूर्वी खोटे ठरवले आहे. बिलोली ज्या हैदराबाद संस्थानात होती तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झाले ते उर्दू माध्यम घेऊन. त्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९२९ मध्ये निघाले, आणि तेथेही शिकवणे उर्दूतून होई. पुस्तके भाषांतरित करण्यासाठी स्वतंत्र खाते होते. बिलोलीच्या वरच्या अंगाला मांजरेवर १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर बांधला गेला, तो नवाब अली नवाज जंग या देशी अभियंत्याच्या देखरेखीखाली. उर्दू ही येथल्या कुणब्याची भाषा नव्हती, आणि त्या अर्थाने तो प्रयोगही दरबारातूनच उतरलेला होता. पण शास्त्राला इंग्रजीचाच उंबरा लागतो हा समज त्याने मोडला. २०२१ पासून अभियांत्रिकीची पदवी प्रादेशिक भाषांतून देण्यास परवानगी मिळाली आहे. महाराष्ट्रात तिचा पहिला उपयोग संगणक शाखेत झाला. ज्या शाखेतील निम्मे काम मराठी, तेलुगू व हिंदी बोलणाऱ्या माणसांशी समोरासमोर बोलून करावयाचे असते, त्या बांधकामाच्या शाखेत तो आधी व्हावयास हवा होता.

भाषेबरोबर वागणेही येते. गावात ज्या म्हाताऱ्या गवंड्याला 'मामा' म्हणून हाक मारावयाची, त्यालाच साइटवर हेल्मेट घातलेला तरुण 'ए मिस्त्री' म्हणतो. हा दोष एकट्या तरुणाचा नाही. चार वर्षांत त्याच्या हातात एकदाही थापी दिली जात नाही, एकही भिंत त्याच्याकडून ओळंब्यात उभी करून घेतली जात नाही. ज्याच्यापाशी ज्ञान आहे असे त्याला शिकवलेलेच नाही, त्याला तो मान कोठून देणार? पाथरवट आणि वडार कारागिरांनी दगडाची शीर ओळखून घाव घालण्याची जी विद्या पिढ्यान्पिढ्या सांभाळली, तिच्यासाठी कोणत्याही विद्यापीठाने एक व्याख्यान ठेवलेले सहसा दिसत नाही. बिलोलीची जुनी दगडी मशीद कोणाच्या हातांनी घडली, याची नोंद करण्याची गरजही कोणाला वाटली नाही.

सुरक्षिततेचे प्रकरण अभ्यासक्रमात असते, बहुधा शेवटचे, आणि म्हणून वेळेअभावी गाळले जाणारे. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया बसवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि वीस जण मृत्युमुखी पडले. त्यांत मजूर होते, तसे अभियंतेही होते. यंत्राने पडताना पदवी पाहिली नाही. रात्रपाळीत काम का चालले, थांबा म्हणण्याचा अधिकार त्या ठिकाणी कोणाला होता, हे प्रश्न व्यवस्थापनाचे आहेत. विद्यार्थी संघटनांनी ते परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत यावेत असा आग्रह धरला तर तो अवाजवी ठरणार नाही.

कायद्याचेही तसेच. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये दोन कायदे झाले. एकाने नोंदणी व सेवाशर्ती आणल्या, दुसऱ्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून कल्याणकारी मंडळांना पैसा मिळवून दिला. महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये झाले, म्हणजे अकरा वर्षांनी. पुढे हे कायदे २०२० च्या श्रमसंहितांत सामावले गेले. नोंदणीची एक अट मात्र टिकून आहे: मागील बारा महिन्यांत किमान नव्वद दिवस बांधकामावर काम केलेले असावे. आणि ते केल्याचा दाखला कोणी द्यावयाचा? नाक्यावरच्या बिगाऱ्याचा मालक रोज बदलतो. गुत्तेदार सही करीत नाही, कारण सही केली की माणूस आपल्याकडे होता हे कबूल होते. आणि मग अपघात झाला तर भरपाई आली. मंडळाकडे पैसा पडून राहतो, आणि ज्याच्या नावाने तो गोळा झाला तो माणूस दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्यांवर बसतो.

पुण्याच्या किंवा हैदराबादच्या साइटवर तो दाखला भरावयाचा कागद ज्या टेबलावर येतो, त्या टेबलामागे उद्या बिलोलीचा पदवीधर बसलेला असेल. हजेरीपट त्याच्याच कपाटात असतो, कोणी किती दिवस काम केले हे त्याला गुत्तेदाराइतकेच ठाऊक असते. गुत्तेदाराला अवघड होणारी ती सही करताना त्याची नोकरी जाऊ शकते. तेव्हा एकट्याने ती करण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये, यासाठी तरुण अभियंत्यांना आणि बांधकाम कामगारांना एका संघटनेत बसवता येईल काय, हा प्रश्न या अभ्यासवर्गाच्या दुपारच्या बैठकीपुढे ठेवला आहे. तालुक्यातून स्थापत्य शिकावयास गेलेल्या मुलामुलींची नावे शाखावार गोळा करून त्या बैठकीला आणावीत.